‘होते’ म्हणजे कोण करते?

मराठीतल्या एका क्रियापदानं माझ्या नोकरीत मला जितकं छळलं, तितकं कुठल्या साहेबानंही छळलं नाही. ते क्रियापद म्हणजे ‘होते’. ‘आंघोळ होते का?’ ‘होते.’ ‘जिना चढणं?’ ‘होते न.’ ‘कपडे घालणं?’ ‘होते मॅडम, सगळं होते.’ समोरच्या माणसाला खुर्चीवरून उठवायला दोन्ही बाजूंनी दोघं लागलेले असतात आणि तो मात्र सगळं होते म्हणून मोकळा. कोण करतं, कसं करतं, त्या वाक्यात कुणाचा पत्ताच नाही. आंघोळ जणू आपली आपण येते आणि माणसाच्या अंगावरून होऊन जाते.

यवतमाळच्या एका सरकारी दवाखान्यात मी फिजिओथेरपिस्ट होते. हे ‘होते’ निराळं, निवृत्तीनंतरचं. नोकरीत असताना तो शब्द लोकांच्या तोंडात कधी बसलाच नाही. कुणी फिजो मॅडम म्हणे, कुणी व्यायाम करून घेते म्हणून वर्जिशवाली बाई. मालिशवाली मॅडम म्हटलं की माझं डोकं फिरायचं. एकदा ऑटोवाल्यानं दवाखान्याच्या फाटकात सगळ्यांदेखत ‘मालिशवाल्या बाईकडे जायचं कोन हाय?’ असा पुकारा केला, तेव्हा मी त्याला बाहेर जाऊन झापलं होतं. पुढच्या महिन्यात तोच पाठ धरली म्हणून माझ्याकडे आला आणि दारातूनच म्हणाला, ‘वर्जिशवाल्या मॅडम, येऊ का?’ मी म्हटलं, या.

आमचं काम बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं. सांधा किती वळतो ते कोनमापकानं मोजायचं. स्नायूत किती जोर उरलाय ते आपल्या हाताच्या जोरानं बघायचं. मी ढकलते, तुम्ही ढकलू देऊ नका. मग उभं राहणं, बसणं, चालणं, आणि यातून माणूस दिवस कसा काढतो ते समजून घ्यायचं. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी कुणी आलं की माझा अहवाल डॉक्टरांच्या मंडळापुढे जायचा. टक्के ते ठरवत. त्या टक्क्यांवर पुढचं सगळं अवलंबून. कुणाला पेन्शन, कुणाला एसटीची सवलत, कुणाला बॅटरीवर चालणारी तीनचाकी सायकल. दोन-चार टक्के कमी पडले की माणूस जसा आला तसा परत.

ढोंगी लोक खूप येत असतील, असं मला लग्नात-बारशात लोक डोळा मारून विचारतात. येत, पण फार थोडे. बसस्टँडवरच्या कुण्या दलालानं शिकवून पाठवलेला एक पोरगेलासा माणूस आत आला तो उजव्या पायानं लंगडत आणि जायला निघाला तो डाव्या पायानं. मी म्हटलं, ‘दादा, पाय बदलला.’ त्यानं खाली पाहिलं आणि तोही हसत सुटला. पण असा एखादाच. बाकीची माणसं उलट्या बाजूनं चुकत. तपासणी म्हटलं की आपल्याकडे माणसाला परीक्षा आठवते, नाहीतर मुलगी बघायला आलेले पाहुणे. पास व्हायचं, चांगलं दिसायचं, घराण्याची शोभा होऊ द्यायची नाही.

मुकुटबनच्या इंदूबाई याच तयारीनं आल्या होत्या. संधिवातानं बोटं वाकडी झालेली, कापूस वेचणं सुटलेलं, भाकरीचं पीठ सूनच मळायची. आल्या त्या नव्या लुगड्यात, केसांना तेल चोपडून. मी हात हातात घेतले आणि मूठ मिटायला सांगितली, तर बाईंनी टकाटक मूठ मिटून दाखवली. कागदपत्रांत आणि हातात काही मेळच बसेना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘काल गावच्या डाक्टरकडून सुई घेतली न, मॅडम. म्हटलं साहेबाइसमोर इज्जत जाऊ नये.’

मी त्यांना सुई न घेता पुन्हा या म्हणून सांगितलं. त्यांना ते काही केल्या पटेना. ‘म्हंजे दुखनं संग घेऊन येऊ?’

‘हो. त्यालाच तर बघायचंय मला. घरी ठेवून येऊ नका.’

त्या पुन्हा आल्या, दुखणं घेऊन आल्या, आणि त्यांचं काम झालं. सगळेच मात्र पुन्हा येत नसत. आडगावाहून यायचं म्हणजे दिवस मोडतो, सोबतीला माणूस लागतं. साहेबांपुढे छान हातपाय हलवून जे खुशीत घरी गेले आणि मग नामंजूर झाल्याचं ऐकून गप्प बसले, ते किती असतील कोण जाणे. त्यांची रुखरुख मला आजही आहे. इंदूबाईंनंतर मी आठवड्यातली एक दुपार ‘तयारी’साठी राखून ठेवली. मंडळापुढे जाण्याआधी माणसाला घरच्यांसह बोलवायचं आणि एकच सांगायचं: चांगला दिवस सांगू नका, रोजचा दिवस सांगा. बाकी शिकवायचं काहीच नव्हतं.

नजमाभाभी मात्र तयारीला आल्या नव्हत्या. त्या आल्या होत्या स्वतःचा खांदा घेऊन. वणीच्या. यवतमाळला नणंदेकडे मुक्कामाला होत्या आणि नणंदेनंच त्यांना ढकलत आणलं होतं. उजवा हात कानापर्यंत जात नव्हता. डोक्यावरची ओढणी सावरायची तर डाव्या हातानं. खांदा पार जखडलेला.

मी विचारलं, ‘जड काही उचलता का?’

‘नाई.’

‘पाणी भरता?’

‘नळ घरातच हाय.’

‘सिलिंडर, पोती, काही?’

‘कायचं वजन, मॅडम. मुलगी लगीन होऊन चंद्रपूरला गेली. घरात आमी दोघंच. हे बसून असते, मी रांधते.’

‘हे बसून असतात म्हणजे?’

‘कमरेखाली जोर नाई. गॅरेजमंदी जॅक सटकला अन ट्रक अंगावर आला होता.’

‘मग त्यांना बसवतं कोण?’

‘मीच.’

‘म्हणजे उचलता की.’

‘हाव, पर ते वजन थोडी झालं?’ त्या माझ्याकडे नवलानं बघत म्हणाल्या. ‘मानसाले वजन म्हनते का कोनी?’

मी खांद्याला शेक लावून दिला आणि तेवढ्या वेळात बाकीची हकिगत काढून घेतली. हमीदभाई वणीतले नावाजलेले ट्रक मेकॅनिक. अपघातानंतर गॅरेज धाकटा भाऊ सलीम बघत होता. मी रजेवर असताना त्यांची तपासणी झाली होती, आणि तीनचाकीसाठी केलेला अर्ज टक्के कमी पडले म्हणून नामंजूर झाला. ‘डाक्टर एकेक विचारत गेले अन हे होते, होते म्हनत गेले,’ नजमाभाभी म्हणाल्या. आता फेरतपासणीचा अर्ज द्यायलाच त्या यवतमाळला आल्या होत्या. मला मात्र अर्जापेक्षा त्या खांद्याची काळजी वाटत होती. तो असाच राहिला तर या बाईला नवऱ्याला उचलता येणार नव्हतं, आणि हिनं उचललं नाही तर हमीदभाई खाटेवरून हलणार नव्हते. मी बजावलं, ‘तपासणीच्या आधी त्यांना माझ्याकडे आणा. तयारी करू.’

इथेच घोटाळा झाला. तयारी म्हणजे काय, हे सांगायचं राहून गेलं.

सलीमच्या पिकअपमधून हमीदभाई आले, सोबत नजमाभाभी. रुंद मनगटांचा, दाढी नीट कातरलेला माणूस. नखांत ग्रीस होतं. मी पाहते आहे हे बघून म्हणाले, ‘सलीम पार्ट घरी आनून देते, मॅडम. गिअरबॉक्स मांडीवर घेऊन खोलतो. पर पार्ट मांडीवर येते, गाडी थोडी येते? इंजनाचा आवाज ऐकाले तं गॅरेजमंदीच जा लागते. आमची गल्ली पूर्न मुरमाची. ही खुर्ची ढकलते तं हिचा दम निघते.’

मग त्यांनी सलीमला खूण केली, ‘पाहा मॅडम, तयारी,’ म्हणाले, आणि माझ्या खोलीतल्या, चालायचा सराव करायच्या समांतर दांड्यांना धरून हातांच्या जोरावर उभे राहिले. गुडघे लटपटत होते, कपाळावर घाम फुटला होता, चेहरा मात्र शाळेत पहिला आलेल्या पोरासारखा. मॅडमनं तयारी करायला सांगितली म्हणून या गृहस्थांनी घरातच लोखंडी पाइप ठोकून घेतले होते आणि रोज उभं राहायचा सराव चालवला होता. मंडळापुढे उभं राहून दाखवायचं ठरवलं होतं. क्षणभरात ते खुर्चीत कोसळले, आणि त्यांना सावरायला नजमाभाभी जखडलेला खांदा विसरून धावल्या.

मला हसू येत होतं आणि रडूही. मी म्हटलं, ‘हमीदभाई, तिथे बक्षीस नाही मिळत. उभं राहून दाखवलंत तर लिहितील, उभे राहतात. मग तीनचाकी कशाला?’

माणूस एकदम बिथरला. ‘म्हंजे मी खोटं बोलू? लाचार आहो, मले काईच येत नाई, असं सांगू? वनीत जाऊन विचारा, हमीदचा हात काय हाय ते.’

‘खोटं नका बोलू. आजवर बोलत होतात ते बंद करा.’

हे मी जरा जास्तच फटकळपणे बोलले. पण माझा स्वभाव तसाच आहे, आणि त्या दिवशी तो उपयोगी पडला. ते तपासू द्यायला तयार झाले, तेव्हा मी त्यांना टेबलावर घेऊन, कुशीवर वळवून पाठ तपासली. कमरेखाली जाणीव नसलेला माणूस रात्रभर एका कुशीवर पडून राहिला तर त्याला जखमा होतात आणि त्या भरता भरत नाहीत. हमीदभाईंच्या पाठीवर साधा लालसर डागसुद्धा नव्हता. इतक्या वर्षांच्या नोकरीत अशी पाठ मी क्वचित पाहिली होती.

‘रात्री कूस कोण बदलतं?’ मी विचारलं.

‘मीच. झोपेत होते न आपोआप.’

नजमाभाभी खाली बघत होत्या. माझ्या लक्षात आलं, पण त्यांच्या वतीनं मी बोलणं बरं दिसलं नसतं. म्हणून मी विषय हमीदभाईंच्या गॅरेजवर नेला.

‘तुमच्याकडे ट्रक येतो, तेव्हा काय बिघडलंय हे ड्रायव्हरला विचारता की नाही?’

‘ड्रायव्हरले?’ ते हसले. राग कुठल्या कुठे गेला. ‘ड्रायव्हर कदी आपल्या गाडीची बुराई करते का, मॅडम? तो म्हनते, मस्त चालते. धक्का मारून आनली असन तरी म्हनते, चालते. मी क्लीनरले बाजूले घेतो. चाकाखाली दगड कोन लावते? क्लीनर. रेडिएटरमंदी पानी किती डाव टाकलं? क्लीनरले मालूम. खरं काय ते...’

आणि तिथेच ते अडले. त्यांनी मान वळवून नजमाभाभींकडे पाहिलं. आम्ही सगळेच त्यांच्याकडे बघत होतो. मग हमीदभाई खालच्या आवाजात म्हणाले, ‘बोल. तूच सांग.’

मी एकच नियम घातला. ‘होते’ हा शब्द या खोलीत बंद. प्रत्येक कामाला ‘कोण करते’ ते सांगायचं. नजमाभाभी आधी चाचरत होत्या, मग सकाळपासून एकेक सांगत गेल्या. खाटेवरून खुर्चीवर मी घेते. आंघोळीला पाटावर मी उतरवते, पाठ मी घासते, परत मी उचलते. पायजमा मी चढवते. खुर्ची मी ढकलते, उंबऱ्यावरून मागची चाकं मी उचलते. त्यात तक्रारीचा सूर नव्हता. स्वयंपाकाची कृती सांगावी तसं त्या सांगत होत्या. हमीदभाई भिंतीकडे बघत ऐकत होते.

‘अन कूस?’ मी विचारलं.

‘रातच्याला दोनतीनदा उठते अन पालटवते. हे झोपेतच असते.’

हमीदभाईंनी झटकन वळून पाहिलं. ‘तू पालटवते?’

‘मंग?’

‘मले वाटे, मीच पालटतो.’

‘वाटू द्या न,’ त्या म्हणाल्या. ‘त्यानं काय होते.’

नियम मोडला म्हणून मी त्यांना टोकलं नाही. मी उगाच कोनमापक पुसत बसले.

त्यांची तपासणी ठरली त्या दिवशी मी मंडळाच्या खोलीत एका बाजूला बसले होते. बाहेर रांग लांब होती आणि वेळ थोडा. मोठे डॉक्टर भले होते, पण घाईत. त्यांनी पाय तपासले, माझा अहवाल चाळला आणि मान वर न करता विचारलं, ‘हातात जोर चांगला आहे. आंघोळ वगैरे होते का?’

हमीदभाईंचं तोंड उघडलं. समोर पांढऱ्या कोटातला साहेब, आजूबाजूला चार अनोळखी माणसं. त्यांच्या ओठांवर ‘होते’ आलेलं मला माझ्या जागेवरूनही दिसत होतं. या एका शब्दावर पहिल्या वेळी सगळं फिस्कटलं होतं. मला बोलायची मुभा होती, पण हे मी बोलून भागणारं नव्हतं.

‘साहेब,’ हमीदभाई म्हणाले, ‘मले नका विचारू. मी ड्रायव्हर आहो. क्लीनरले विचारा.’

डॉक्टरांनी मान वर केली. ‘कोण क्लीनर?’

‘मी,’ मागून नजमाभाभी म्हणाल्या आणि पुढे झाल्या.

एरवी परक्या पुरुषांपुढे मान खाली घालणारी ती बाई त्या दिवशी सरळ बोलली. आंघोळ मी घालते. खुर्चीत मी बसवते. डॉक्टरांनी विचारलं, उभे राहतात का? त्यावर हमीदभाईंनीच सांगितलं, ‘राह्यतो साहेब. धरून, जरासा. मंग पडतो. अन ही उचलते, अन तिचा खांदा गेला.’ डॉक्टरांनी नजमाभाभींना हात वर करायला सांगितलं. हात कानाच्या खालीच अडला. त्यांनी पेन खाली ठेवलं, माझा अहवाल पुन्हा हातात घेतला आणि या खेपेला सावकाश वाचला.

निकाल मला सलीमच्या फोनवरून कळला. टक्के पुरेसे मिळाले होते, तीनचाकीचा अर्ज पुढे सरकला होता. दिव्यांग ओळखपत्राचा फोटोही त्यानं मोबाइलवर पाठवला. फोन ठेवला आणि मला एकदम इतकं हलकं वाटलं की दुपारच्या पेशंटला मी व्यायामाची एक फेरी माफ केली. नोकरीत आनंदाचे प्रसंग येतात, पण मनावरचं ओझं असं क्वचितच उतरतं. सायकल यायला पुढे महिने गेले, फोनाफोनी झाली, पण आली. सायकलची बैठक आणि खाट एका उंचीवर करून घ्या, असं मी सांगितलं होतं. मधे गुळगुळीत फळी टाकून हातांच्या जोरावर सरकायचं. सरकायला मी शिकवलं. फळी सलीमनं रंधा मारून घेतली. ज्या मनगटांनी गिअरबॉक्स उचलले, त्यांना हे अवघड नव्हतं.

निवृत्तीनंतर एका लग्नासाठी वणीला गेले तेव्हा मुद्दाम गॅरेजकडे वाकडी वाट केली. कोळशाच्या धुळीनं काळा झालेला ट्रक बॉनेट उघडून घरघरत उभा होता. त्याच्या तोंडाशी तीनचाकी लावून हमीदभाई डोळे मिटून आवाज ऐकत होते. मला बघून त्यांनी हात करून इंजिन बंद करायला लावलं आणि चहा मागवला.

‘भाभी कुठे आहेत?’

‘चंद्रपूरले गेली. पोरगी बाळंत झाली न. महिनाभर राह्यते म्हने.’ त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. नजमाभाभी पाळण्याची दोरी बांधत होत्या, दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन.

मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. मग जुनी सवय उसळून आलीच. ‘अन इथे तुमची आंघोळ वगैरे?’

‘होते.’

मी नुसती बघत राहिले. ते ओशाळून हसले.

‘मी करतो, मॅडम. पानी सलीम ठेवते, बाकी मी करतो.’

‘आणि कूस?’

‘मोबाइलमंदी अलारम लावला. वाजला का पालटतो.’ त्यांनी तीनचाकी ट्रककडे वळवली आणि जाता जाता मागे न बघता म्हणाले, ‘आता खरंच मीच पालटतो.’